पेनी खर्च करायला गेलेल्या आजीबाई

फिक्शनचा अनुवाद करायला घेतलाय, इंग्रजी वाक्प्रचारांचं काय करू असं कोणी विचारलं की मी आधी माझी फजिती सांगते. पहिलीच कादंबरी होती, त्यात एक ब्रिटिश आजीबाई चहा पिता पिता उठतात आणि 'स्पेंड अ पेनी' करून येते म्हणतात. मी इमानेइतबारे लिहिलं, "एक पेनी खर्च करून येते हं." संपादकांनी समासात एवढंच लिहिलं होतं, 'मग काय आणलं?'

तिकडे एके काळी सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराला पेनी टाकून उघडायचं कुलूप असायचं, त्यावरून लघवीला जाण्याला हे सभ्य नाव पडलं. मराठी आजीबाई काय म्हणतील? "जरा जाऊन येते." पेनी गेली पण संकोच राहिला, आणि त्या वाक्यात संकोचच महत्त्वाचा होता.

कठीण शब्द आला की आपण डिक्शनरी उघडतोच हो, घात करतात ते हे सोप्या शब्दांचे वाक्प्रचार. व्याकरणात सगळं ठीक, पण प्रसंगात बसत नाही, चहा सोडून ही बाई मध्येच पैसे कशाला खर्चतेय, असं खटकलं की थांबायचं. त्यात बोलताना लोक अर्धंच बोलतात. पात्र टोकियोत जेवायला बसलंय आणि खांदे उडवून म्हणतं 'वेल, व्हेन इन रोम...', पुढचं 'रोमन लोकांसारखं वागावं' हे गिळलेलं असतं, आणि नवखा अनुवादक त्या बिचाऱ्याला थेट रोमला पोचवतो.

बायबलमधून आलेले तर पावलोपावली भेटतात. 'आय वॉश माय हँड्स ऑफ इट' घ्या. येशूला शिक्षा देताना रोमन सुभेदार पिलातने जमावासमोर पाण्याने हात धुतले, या रक्ताचा दोष माझ्यावर नाही म्हणून, मत्तयच्या २७व्या अध्यायात आहे. आता मराठीत हात धुण्याचं काय होतं बघा, हात धुवून मागे लागणं म्हणजे बरोब्बर उलटं, आणि वाहत्या गंगेत हात धुणं म्हणजे भलतंच. म्हणून 'मी त्या प्रकरणात हात धुतले' असं लिहिलंत तर वाचक समजणार याने पैसे खाल्ले! साध्या ऑफिसच्या भांडणात 'हात झटकले' पुरतं. पण बोलणारा पाद्री असेल आणि कुणा निरपराध्याचा बळी चाललेला असेल तर लेखकाने पिलात मुद्दाम आणलाय, तिथे पाणी घालवू नका. अशा वेळी मराठी बायबलमधला तोच अध्याय उघडून बसायचं, शब्द तिथे तयार मिळतात.

उलट चूकही मी केलीय, आणि ती करताना फार भारी वाटत होतं. 'ही मेट हिज वॉटर्लू' याचं मी 'त्याचं पानिपत झालं' केलं. वॉटर्लू म्हणजे नेपोलियन जिथे कायमचा हरला ती लढाई, तेव्हा १८१५ च्या ऐवजी १७६१, पराभवाला पराभव, काय बिघडलं? बिघडलं हे की बोलणारा होता लंडनचा दारुडा खलाशी, त्याच्या तोंडी पानिपत आलं की वाचकाला खलाशी दिसेनासा होतो आणि अनुवादक दिसायला लागतो. गद्दाराला सूर्याजी पिसाळ म्हणणं त्याच जातीतलं. मग तिथे 'पुरता आडवा झाला' केलं. थोडं फिकं आहे, मान्य, पण निदान खलाशाचं वाटतं.

अमेरिकन कायद्यातले वाक्प्रचार घरगुती भांडणात येतात तेव्हा मजा येते. बायको विचारते काल रात्री कुठे होतास, नवरा म्हणतो 'आय प्लीड द फिफ्थ'. ही तिथल्या राज्यघटनेतली पाचवी दुरुस्ती, १७९१ ची, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. तळटीप दिलीत की विनोद मेला, लोक डोळे खाली नेऊन परत वर येईपर्यंत बायको थंड झालेली असते. मी लिहिलं, "वकील आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही." कोर्टही राहिलं, चावटपणाही राहिला. ते वाक्य मला चहा करताना सुचलं, तोवर चार दिवस त्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह होतं. तुम्हीही खुशाल प्रश्नचिन्ह टाकून पुढे सरका, फक्त फाइल पाठवायच्या आधी ती सगळी शोधा, माझं एक एकदा प्रूफपर्यंत गेलं होतं.