क्रिप्टँथा ओळखायचाय? मग आधी फुलाकडे बघणं सोडा

मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मोहावी नाहीतर सोनोरन वाळवंटात, म्हणजे कॅलिफोर्नियात जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, आन्झा-बोरेगो या बाजूला गेलात आणि हिवाळ्यात पाऊस बरा झाला असेल, तर पायाखाली क्रिप्टँथा नावाच्या छोट्या रानझाडांची बारीक पांढरी फुलं दिसतातच. पाच पाकळ्या, मधे पिवळसर डोळा, एकेक फूल काही मिलिमीटरचं. तिकडे यांना बेली फ्लॉवर्स म्हणतात, कारण नीट बघायचं तर पोटावर झोपावं लागतं. मी पहिल्या सीझनला असंच झोपून फुलांचे शेकडो क्लोजअप काढले आणि घरी येऊन कळलं की त्यातल्या एकावरूनही जात सांगता येत नाही, कारण सगळ्यांची फुलं जवळपास सारखीच!

तर करायचं काय, झाड निवडतानाच अर्धं सुकलेलं निवडायचं. याचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा गुंडाळलेला असतो आणि हळूहळू उलगडतो, त्यामुळे टोकाला ताजी फुलं आणि खालच्या बाजूला पिकलेल्या बिया असं दोन्ही एकाच दांडीवर मिळतं. त्या खालच्या केसाळ, वाळलेल्या पेल्यात (पाकळ्यांच्या बाहेरचा कपासारखा भाग) सगळी गोष्ट आहे. बोटाने हळूच उघडा, केस रुततात हां, चिमटा असेल तर बरं. आत जास्तीत जास्त ४ बिया (खरंतर ती बारीक कवचफळं, पण आपण बियाच म्हणू). १० पट दाखवणारं भिंग लागेलच, त्याशिवाय जमत नाही.

आधी भावंडं, म्हणजे क्रिप्टँथाच्या जवळची दुसरी झाडं, बाजूला काढा. फूल पिवळं-केशरी असेल तर तो अम्सिंकिया, विषय संपला. बिया चांदणीसारख्या चार दिशांना पसरून कडेला दात असतील तर पेक्टोकार्या. खरा घोळ प्लॅजिओबोथ्रिसचा, फूल अगदी तसंच. बी उलटी करून आतली बाजू बघा: क्रिप्टँथाला तिथे खाच असते, खाली बहुतेक त्रिकोणी होत गेलेली, आणि प्लॅजिओबोथ्रिसला उलट उंचवटा, कण्यासारखा. एवढं एक जमलं की निम्मं काम झालं.

मग क्रिप्टँथातली नेमकी जात. बिया मोजा, गुळगुळीत की खरखरीत बघा, सगळ्या सारख्या आहेत का बघा. कडेला पंखासारखी पातळ झालर म्हणजे टेरोकार्या, बरेचदा तिघींना झालर आणि चौथी बिनझालरीची. एकच किंवा दोन बिया, एक चकचकीत आणि दुसरी असली तर खरखरीत, तर मारिटिमा. चारही खरखरीत पण एक जरा मोठी असेल तर अँगुस्टिफोलिया असण्याची शक्यता बरीच. मायक्रांथाच्या मुळात लाल-जांभळा रंग असतो, पण तेवढ्यासाठी झाड उपटू नका प्लीज! नॅशनल पार्कात तर काहीच तोडायला किंवा घरी न्यायला परवानगी नाही, गळून पडलेला पेला मिळाला तर तिथेच उघडून, तळहातावर ठेवून फोटो काढून परत तिथेच सोडा. फोटो बीच्या दोन्ही बाजूंचे हवेत, शिवाय पूर्ण झाडाचा एक.

आणि नावांवरून गोंधळू नका. इव्हान जॉन्स्टन यांनी १९२५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या क्रिप्टँथांवर मोठं काम केलं, पुढे डीएनए बघून २०१२ मध्ये या गटाचे तुकडे झाले. म्हणून जुन्या पुस्तकातला क्रिप्टँथा अँगुस्टिफोलिया आता जॉन्स्टोनेला म्हणून सापडतो, मायक्रांथा एरेमोकार्यात गेलाय. झाडं ओळखायच्या ॲपमध्ये जुनं नाव सापडलं नाही तर नावातला दुसरा शब्द (उदा. अँगुस्टिफोलिया) तेवढा टाकून शोधा, तो सहसा तसाच राहिलेला असतो.