वाचनालयाची साइट गुगलवर दिसतच नव्हती, काय केलं ते सांगतो

आमच्या वाचनालयाची साइट गुगलवर पूर्ण नाव टाकलं तरी सापडायची नाही. कमिटीत सगळे म्हणत होते, पैसे देऊन एसईओ (साइट गुगलवर वर दिसावी म्हणून करतात ते काम) करून घेऊ. मी पेजवरचा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी, म्हणजे मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, युनिकोड (ज्यात मराठी अक्षर कॉम्प्युटरलाही मराठी म्हणूनच कळतं) नाहीच, आपल्याला मराठी दिसतं ते फॉन्ट लोड होतो म्हणून, पण गुगलला ती खिचडीच वाचायला मिळते, मग 'वाचनालय' शोधून काय सापडणार!

कन्व्हर्टरने सगळं युनिकोडमध्ये घेतलं. रफार आणि जोडाक्षरं बरीच बिघडली, ती हाताने नीट करत बसलो, सगळ्यात कंटाळवाणं काम हेच. प्रत्येक पेजचं टायटल 'होम' होतं (कोणी केलं देव जाणे), तिथे वाचनालयाचं नाव आणि गाव घातलं. मग सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठी गुगलचं टूल) साइट आमचीच आहे हे व्हेरिफाय केलं, साइटमॅप म्हणजे सगळ्या पेजची यादी दिली, मुख्य पेजसाठी इंडेक्सिंगची, म्हणजे गुगलने ते आपल्या नोंदीत घ्यावं अशी, रिक्वेस्ट टाकली, आणि हे सगळं फुकट आहे बरं का. थोड्या दिवसांनी नाव आणि गाव टाकलं की साइट यायला लागली. पुस्तकांची यादी मात्र अजून स्कॅन पीडीएफमध्येच आहे, ती टाइप करायला कोणी तयार नाही.