शैक्षणिक कर्जाचे व्याज आणि खर्चाची वही

डिचोलीहून पणजीला महाविद्यालयात जाऊ लागलो तेव्हा, शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होणार असल्याने तोपर्यंत काळजीचे कारण नाही, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या वर्षी बँकेचा खातेउतारा पाहिला आणि ती चुकीची असल्याचे कळले: हप्ता थांबलेला असला तरी उचललेल्या रकमेवर व्याज पहिल्या दिवसापासून चढत होते. एक लाखावर दरसाल 9 टक्क्यांनी वर्षाचे 9,000, म्हणजे महिन्याचे 750 रुपये. ते न भरल्यास पुढे मुद्दलात मिळवले जाते आणि मग व्याजावरही व्याज लागते.

मी महिनाभर प्रत्येक खर्च वहीत लिहिला. रोज सकाळी बसस्थानकावर भाजी-पाव आणि चहा, दुपारी कॅन्टीन, शिवाय यूपीआयवरून गेलेल्या दहा-वीस रुपयांच्या रकमा, ज्या लक्षातही राहत नाहीत. आई पहिल्यापासून डबा द्यायला तयार होती. मीच संकोचाने टाळत होतो, याचे आजही वाईट वाटते. डबा आणि कदंब या सरकारी बससेवेचा मासिक पास यांतून 750 रुपये निघाले. बाबांनी पैसे पाठवताच हे 750 रुपये आधी कर्जखात्यात भरतो आणि उरलेल्यात महिना भागवतो.