विद्यार्थ्यांना ऑनलाइन संगीत महोत्सवात कसे उतरवावे

ऑनलाइन महोत्सवांचे साधारण दोन प्रकार असतात. एकात आधी चित्रित केलेला व्हिडिओ पाठवायचा असतो, दुसऱ्यात ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर परीक्षकांसमोर थेट गायचं-वाजवायचं असतं. काही ठिकाणी क्रमांक काढतात, काही ठिकाणी फक्त लेखी अभिप्राय देतात. पहिल्यांदाच उतरणाऱ्या मुलासाठी मी व्हिडिओचा आणि अभिप्रायाचा प्रकार निवडते. नंबराची धास्ती नसली की मूल परीक्षकांचं म्हणणं मन लावून वाचतं.

आधी नियमावली, मग विद्यार्थी

नावं ठरवण्याआधी नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. प्रवेशिका बाद होण्याची कारणं बहुतेक वेळा तिथेच दडलेली असतात. वय कोणत्या तारखेला मोजणार? वेळेची मर्यादा पहिल्या स्वरापासून धरणार, की व्हिडिओच्या एकूण लांबीवर? ध्वनिमुद्रित साथ चालते का? रचना पाठ असायलाच हवी का? स्वरलिपीची पीडीएफ सोबत जोडायची आहे का? आयोजक दुसऱ्या देशातले असतील तर मुदत कोणत्या वेळेनुसार संपते तेही पाहा. तिथली रात्रीची बारा म्हणजे तुमच्याकडची दुपार असू शकते.

विभाग निवडताना मुलाचं वय आणि त्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा वर्षांचं मूल तीन वर्षं शिकत असेल आणि पंधरा वर्षांचं सहाच महिने. वयोगटाऐवजी पातळीनुसार विभाग असतील तर उशिरा सुरुवात केलेल्यांना तिथेच घाला. त्यांच्यावर अन्याय होत नाही.

रचना: अवघड नव्हे, मुरलेली

महोत्सव म्हटलं की अवघडातली अवघड रचना द्यायचा मोह होतो. तो आवरा. जी रचना मूल वर्गात आल्या आल्या, हात गरम होण्याआधीसुद्धा नीट वाजवतं, ती निवडा. कॅमेऱ्यासमोर थोडं अवसान गळतंच, पण मुरलेल्या रचनेला तेवढी घट सोसते.

हक्कांचाही विचार याच वेळी करा. पाश्चात्त्य संगीतकार बाख १७५० साली वारले, त्यामुळे त्यांच्या मूळ संगीतावर आता कोणाचा हक्क नाही. पण त्याच संगीताच्या एखाद्या नव्या रूपांतरावर किंवा संपादित आवृत्तीवर हक्क असू शकतो. हयात संगीतकारांच्या रचनांसाठी आयोजकांना आधी विचारून घ्या. बरेच महोत्सव झेरॉक्सवरून वाजवू देत नाहीत, मूळ छापील प्रत किंवा विकत घेतलेली डिजिटल प्रत मागतात.

पालकांची संमती

ही लेखी घ्या. व्हिडिओ कुठे ठेवणार, कोण पाहणार, निकालानंतर आयोजक तो दाखवू शकतात का, हे तीन मुद्दे त्यात असू द्या. व्हिडिओच्या शीर्षकात मुलाचं पूर्ण नाव, शाळा किंवा वय घालू नका. नाव कसं लिहायचं ते आयोजक सांगतात, नाहीतर पहिलं नाव आणि विभाग पुरतो. अंगावर शाळेचं बोधचिन्ह आणि मागे घराचा पत्ता दिसेल असं काही नको.

चित्रीकरणाची खोली

चित्र बेताचं असलं तरी परीक्षक चालवून घेतात, पण आवाज फाटला तर ऐकण्यासारखं काही उरत नाही. त्यामुळे जास्तीत जास्त वेळ आवाजावर घालवा.

मोकळ्या भिंतींच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट असलेली खोली बरी. पंखा, एसी, फ्रीज बंद करा. कानाला सवय झालेली ती घरघर मुद्रणात ठळक येते. फोन विमान मोडवर टाका, लेन्स पुसा, साठवणुकीत जागा आहे का बघा. दहा मिनिटांचं एचडी चित्रीकरण सहज एक जीबीच्या आसपास जाऊ शकतं.

फोन स्टँडवर, आडवा. हातात धरून कोणी उभं राहू नये. अंतर दोन-तीन मीटरपासून सुरू करा आणि ऐकून बदला. फोनमध्ये आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय असते. तिचं काम बोलणं स्पष्ट ऐकवणं, संगीताच्या मात्र ती मुळावर येते. हळुवार सुरुवात ती वर उचलते आणि जोरकस भाग दाबते, म्हणजे मुलाने मेहनतीने कमावलेला लहान-मोठ्या आवाजाचा फरक सपाट होतो. फोन थोडा लांब ठेवला की हा त्रास कमी होतो. ही सोय बंद करू देणारं मुद्रणाचं ॲप मिळालं तर उत्तमच.

चाचणीसाठी रचनेतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा तुकडा वाजवायला सांगा आणि हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर ऐकून काही कळत नाही.

कोन वाद्यानुसार ठरतो. पियानोला बाजूने, म्हणजे दोन्ही हात, चेहरा आणि शक्यतो पेडलवरचा पाय दिसेल. व्हायोलिनला गज टोकापासून टोकापर्यंत चौकटीत राहिला पाहिजे. तबल्याला समोरून थोडं वरून. गाणाऱ्याचा निदान कमरेपासून वरचा भाग दिसावा, कारण श्वास कुठून घेतोय हे परीक्षकांना पाहायचं असतं. उजेड समोरून हवा. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा पडतो.

किती वेळा चित्रित करायचं

घरी, पालकांच्या देखरेखीखाली, एकाच दुपारी वीस-वीस वेळा चित्रीकरण केलं जातं. पाचव्या वेळेनंतर मूल संगीत विसरतं आणि फक्त चूक होऊ नये म्हणून वाजवू लागतं. ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं: खांदे वर आलेले, श्वास अडकलेला, आणि मागच्या वेळी जिथे अडखळलं होतं त्या जागेच्या दोन ओळी आधीच नजर बिचकलेली.

म्हणून नियम घाला: एका दिवशी तीनदाच, आणि त्या तीनांतलं एक पाठवायचं. ते मुलाला आधीच सांगा. तीनच संधी आहेत म्हटल्यावर प्रत्येक वेळेला मैफलीसारखं वजन येतं. मी तर एक-दोन माणसं श्रोते म्हणून खोलीत बसवते. रिकाम्या खोलीत भिंगाकडे पाहून वाजवणं मोठ्यांनाही जड जातं.

बहुतेक महोत्सवांत व्हिडिओ सलग असावा लागतो, मधे कापाकापी चालत नाही. सुरुवातीला मूल दोन क्षण शांत बसू दे. शेवटी, शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत त्याने हलायचं नाही, ही सवय मुद्दाम लावा. मुलं संपलं रे संपलं की फोनकडे बघतात आणि तो विरता स्वर तिथेच तुटतो.

तीनांतलं कोणतं पाठवायचं हे ठरवताना मुलाला शेजारी बसवा. एखादा स्वर चुकलेलं पण लय आणि भाव धरून ठेवलेलं वादन मी बिनचूक, घाबरलेल्या वादनापेक्षा नेहमी वरचं मानते.

पाठवणं

यूट्यूबवर टाकायचा असेल तर 'अनलिस्टेड' निवडा, म्हणजे दुवा असेल त्यालाच तो दिसतो. 'पब्लिक' ठेवलात तर कोणालाही सापडेल. 'प्रायव्हेट' ठेवलात तर परीक्षकांना उघडणारच नाही, आणि हीच चूक सर्रास होते. दुवा तुमच्या खात्यातून बाहेर पडून, इनकॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. फाइल गूगल ड्राइव्हवर असेल तर 'दुवा असलेल्या कोणालाही' पाहण्याची परवानगी द्या.

अर्जात रचनेचं नाव, संगीतकार, अचूक वेळ आणि मुलाच्या नावाचं स्पेलिंग तपासा. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवून पोच जपून ठेवा.

थेट प्रकार असेल तर

व्हिडिओ कॉलची ॲप्स बोलण्यासाठी बनवलेली असतात. लांबवलेला स्वर त्यांना गोंगाट वाटतो आणि त्या तो दाबतात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड', म्हणजे आवाज न दाबता पाठवणारी सोय, चालू करा. ब्लूटूथ टाळा, त्याने आवाज मागे पडतो. साथीदार त्याच खोलीत हवा, कारण इंटरनेटवरून दोघांनी एका लयीत वाजवणं साध्या कॉलवर जमत नाही. एक रंगीत तालीम त्याच खोलीत, त्याच उपकरणावर, त्याच वेळेला करून घ्या.

अभिप्राय आल्यावर

तो आधी तुम्ही एकट्याने वाचा, मग मुलासोबत व्हिडिओ लावून. परीक्षकांनी लिहिलेली जागा आली की थांबवा आणि त्याला काय ऐकू येतं ते विचारा. अभिप्रायातली एकच गोष्ट पुढच्या महिनाभराच्या रियाजात घ्या. सगळ्या एकदम घेतल्या तर एकही पुरी होत नाही. एखाद्या शेऱ्याशी तुमचं जमत नसेल तर तसं मुलाला सांगा, कारणासहित. व्हिडिओ ठेवायचा की काढून टाकायचा, हे पालकांना विचारून त्याच आठवड्यात करून टाका.