मोठेपणी हारेम मँगा वाचायचाय? मग फाइटची पानं सावकाश वाचा

तिशी ओलांडलेल्या माणसाच्या हातात व्हॅम्पायर मुली नि राक्षसांच्या हाणामारीचा मँगा (जपानी कॉमिक) दिसला की लोक आधी कव्हर बघतात आणि मग आपल्याकडे बघतात. पण खरं सांगते, हा प्रकार मला विशीत कळला त्यापेक्षा आता जास्त कळतो. ज्यांना मोठेपणी सुरुवात करायचीय किंवा कॉलेजात अर्धवट सोडलेलं परत हातात घ्यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हारेम म्हणजे एक साधासुधा मुलगा आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या चार-पाच मुली. त्याने एकीला हो म्हटलं की गोष्ट संपली, आणि मँगा मासिकात हप्त्याहप्त्याने छापतात, तिथे तर सिरीज वर्षानुवर्षं चालवायची असते, त्यामुळे प्रेमाची गाडी मुद्दाम एकाच स्टेशनात उभी ठेवतात. मग मनातलं बाहेर येणार कुठून? मारामारीतून. कोण कोणासाठी मध्ये पडलं, कोणी आपला जीव धोक्यात घातला, कोण एक पाऊल मागे सरकलं, हेच तिथलं बोलणं असतं. म्हणून गप्पांची पानं भरभर वाचलीत तरी चालेल पण फाइटची पानं सावकाश वाचा, बहुतेक जण बरोब्बर उलटं करतात आणि मग म्हणतात यात काही नव्हतं.

सुरुवात अकिहिसा इकेदाच्या 'रोझारियो प्लस व्हॅम्पायर'पासून करा असं मी सांगेन. २००४ ला सुरू झालेली सिरीज आहे, पहिला भाग १० खंडांचा, दुसरा १४ खंडांचा, २०१४ ला संपली. त्सुकुने नावाचा अगदी सामान्य मुलगा चुकून योकाईंच्या शाळेत जातो (योकाई म्हणजे नुसती भुतं नव्हेत, जपानी लोककथांमधली सगळी चमत्कारिक मंडळी त्यात आली, आपल्याकडे मुंजा, हडळ, वेताळ ऐकत मोठं झालेल्याला हे जग परकं वाटत नाही). तिथे त्याला मोका भेटते, ती व्हॅम्पायर आहे, गळ्यात एक रोझरी (क्रूस असलेली माळ) आहे आणि त्या रोझरीने तिचं खरं रूप बंद करून ठेवलंय.

आता बघा, ही रोझरी मोकाला स्वतःला काढता येत नाही. संकट आलं की त्सुकुनेने ती ओढायची, मग तिचे केस रुपेरी होतात, डोळे लाल होतात आणि आतली मोका बाहेर येते जी गोड नाही, मवाळ नाही, समोरच्याला एका लाथेत आडवा करते. विशीत मला फक्त ती लाथ दिसायची. आता तो हात दिसतो. त्या सगळ्या राक्षसांच्या गर्दीत या पोराकडे शक्ती म्हणून काहीच नाही, एवढंच आहे की तिच्या गळ्यापर्यंत त्याचा हात जाऊ शकतो, आणि ज्या रूपाला बाकीचे घाबरतात ते त्याने स्वतःच्या हाताने मोकळं करायचं असतं. लग्नाला काही वर्षं झालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय ताकद फुकट मिळत नाही. त्सुकुनेला वाचवायला मोका आपलं रक्त त्याच्या अंगात सोडते, ते परत परत होतं आणि त्याचं माणूसपणच सुटायला लागतं, शेवटी मनगटावर साखळीचं कुलूप घालून ते आवरावं लागतं. हे सगळं यायला वेळ लागतो हं, सुरुवातीचे खंड हलकेफुलके आहेत, दर वेळी नवा राक्षस नवी फजिती, तिथेच कंटाळून सोडू नका. आणि यावरून बनवलेला २००८ चा अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) बघून मत बनवू नका, त्यात चावटपणा उचललाय आणि हा काळोखा भाग जवळपास गाळलाय.

चावटपणाचं स्पष्टच बोलते. यातली बरीचशी पात्रं शाळेतली आहेत आणि त्यांची तसली चित्रं मला पटत नाहीत, मी ती पानं उलटून पुढे जाते, कथेचं काही अडत नाही. ज्या सिरीजमध्ये ती पानं उलटल्यावर हातात काही उरतच नाही ती खुशाल सोडून द्या. इंग्रजी आवृत्ती घेताना मागच्या कव्हरवरचं रेटिंग बघा, व्हिझ या प्रकाशकाच्या पुस्तकांवर टी प्लस असेल तर १६ च्या पुढे, एम असेल तर १८ च्या पुढे, घरात पोरं असतील तर पुस्तक कुठे ठेवायचं ते त्यावरून ठरवा. आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं, आपल्या हिशोबाने पुस्तकाचं शेवटचं पान ते पहिलं, दोन चॅप्टरमध्ये सवय होते.

'रोझारियो'तल्या मिझोरेकडे मात्र नीट लक्ष द्या. ती हिमकन्या, तोंडात कायम लॉलीपॉप, तो स्टाइल म्हणून नाही, अंग थंड ठेवायला लागतो. वर्गात न येणारी, खांबाआड उभी राहून बघणारी ही मुलगी शाळेच्या पेपरातले त्सुकुनेचे लेख वाचून त्याच्या प्रेमात पडते, कारण हा आपल्यासारखाच विचार करतो असं तिला वाटतं. भेटायच्या आधी नुसतं लिहिलेलं वाचून कोणी जवळचं वाटणं, हे कितीजणांना ओळखीचं असेल.

या सगळ्याचं मूळ बघायचं तर रुमिको ताकाहाशींची १९७८ ची 'उरुसेई यात्सुरा' आहेच, शिंगवाली, वीज सोडणारी लम तिथली, पण ती विनोदी जास्त आहे, नंतर वाचा.

आत्ताचं हवं असेल तर युकिनोबू तात्सूची 'दानदादान', २०२१ पासून चालू आहे, मँगा प्लस अ‍ॅपवर सुरुवातीचे चॅप्टर फुकट मिळतात. तिला पक्कं हारेम म्हणता येणार नाही, त्यातल्या ओकारुन नावाच्या मुलावर एकापेक्षा जास्त मुलींचा जीव जडतो इतकंच. त्यात अ‍ॅक्रोबॅटिक सिल्की नावाचं लांब केसांचं भूत येतं, ते आयरा नावाच्या मुलीला आपलीच लेक समजून तिच्या मागे लागलेलं असतं. मोठी फाइट होते, भीतीदायक, वेगवान. आणि मग कळतं की ती एक आई होती, कर्जात बुडालेली, जिच्या डोळ्यांसमोरून तिची छोटी मुलगी ओढून नेली, जिच्यासोबत ती घरात बॅले नाचायची. तो भाग संपला की फाइटच्या पहिल्या पानावर परत जा आणि त्या भुताचे हातपाय कसे हलतात ते बघा.