‘उत्तेजना’ लिहिण्याआधी थांबा

मानसशास्त्रात एम.ए. करून वैद्यकीय अनुवादाकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितेय. दर कसे ठरवायचे, फाइल कशी पाठवायची हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी फक्त एका शब्दाबद्दल लिहिणार आहे. अराउझल, म्हणजे इंग्रजीतला arousal, ढोबळमानाने ‘जागं होणं, चेतणं’. या शब्दापायी माझं पहिलं मोठं काम हातचं गेलं. अजूनही तो कागदावर दिसला की पोटात गोळा येतो.

आघातानंतरच्या मानसिक त्रासाची प्रश्नावली होती. मी लिहिलं, ‘तुम्हाला वारंवार उत्तेजित झाल्यासारखं वाटतं का?’ मसुदा चार लोकांना वाचायला द्यायचा म्हणून कळव्याला गेले. तिथल्या एका काकूंचे यजमान अपघातात गेले होते. त्यांनी तो प्रश्न वाचला, कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, “ताई, हे असलं मला का विचारता?” मला तिथे तोंडातून शब्द फुटला नाही.

मूळ प्रश्नात वासनेचा लवलेशही नव्हता. डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेच्या २०१३च्या पाचव्या आवृत्तीत आघाताच्या लक्षणांचा जो अराउझलचा गट आहे, त्यात काय येतं पाहा: चिडचिड, बेदरकार वागणं, सतत कानोसा घेत राहणं, दचकणं, लक्ष न लागणं, झोप बिघडणं. म्हणजे धोका टळला तरी शरीर पहारा सोडत नाही. हे ‘उत्तेजित’ या शब्दात कुठे आहे?

आता आपल्या शब्दांकडे बघा, कारण घोटाळा तिथेच आहे. ‘उत्तेजन’ म्हणजे प्रोत्साहन. शाळेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं. एक काना वाढला, ‘उत्तेजना’ झाली, की वाचणाऱ्याच्या मनात लैंगिक अर्थच आधी येतो. ‘उत्तेजित जमाव’ म्हटलं की दगडफेक डोळ्यांसमोर येते. ‘जागृती’ घ्यावी तर ती जनजागृतीकडे ओढते. संस्कृत मूळ एक असेल, पण कळव्यातल्या घरात शब्द मूळ सांगत बसत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! म्हणून शब्दाला शब्द शोधू नका. आधी विचारा, इथे नेमकं काय जागं झालंय? शरीर, मेंदू, झोप, इच्छा की नुसता संशय?

झोपेच्या तपासणीच्या अहवालात अराउझल म्हणजे मेंदूच्या लहरींचा वेग निदान तीन सेकंद अचानक बदलणं, आणि त्याआधी किमान दहा सेकंद स्थिर झोप असावी लागते. माणूस जागा होतोच असं नाही. ‘जाग येणे’ लिहिलंत तर चुकलात. आपल्याकडे ‘झोप चाळवणे’ आहे ना! आजीच्या तोंडचा शब्द, आणि इतका नेमका.

बेशुद्धीवरच्या मजकुरात आणखी सांभाळा. तिथे अराउझल आणि अवेअरनेस या दोन वेगळ्या गोष्टी असतात. काही वेळा रुग्णाचे डोळे उघडे असतात, पण भान नसतं. ‘जागेपणा’ आणि ‘भान’ असे दोन शब्द शेवटपर्यंत वेगळे ठेवा. नातेवाईक त्या ओळीवर आशा बांधून असतात.

अराउझल वाढलं की कामगिरी आधी सुधारते आणि मग ढासळते, हे दाखवणारी अभ्यासक्रमातली उलट्या यू आकाराची आकृती सगळ्यांनी काढली असेल. तिच्यामागचा यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा १९०८चा प्रयोग उंदरांवरचा होता, आणि त्यांनी बदलून पाहिली होती विजेच्या झटक्याची तीव्रता. अराउझल हे नाव त्यावर नंतर चढलं. तिथे ‘सक्रियता पातळी’ चालते.

आणि जिथे अर्थ खरोखर लैंगिकच आहे, तिथे सरळ ‘लैंगिक उत्तेजना’ लिहा. लाजून ‘भावना’ म्हणू नका. डॉक्टरला उत्तर चुकीचं मिळेल. रोजच्या इंग्रजीत ‘अराउझ सस्पिशन’ आलं तर ‘संशय आला’, एवढं पुरे.

तयार शब्दयाद्यांवर माझा विश्वास नाही. मलाही एका अनुभवी व्यक्तीने यादी दिली होती आणि वर “चालतंय, पुढे जा” म्हटलं होतं. असे मार्गदर्शक टाळा. खोडून परत करणारा एक भेटला तरी त्याला धरून राहा. परिभाषा कोश जरूर बघा. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९३ सालच्या त्या संस्थेत, मी पुढचे कित्येक शनिवार काढले. पण कोशातला शब्द विद्यार्थ्यासाठी असतो. कळव्याच्या काकूंसाठी तो पुन्हा बोलीत आणावा लागतो, आणि ते काम तुमचं.

घाबरू मात्र नका. एक काम गेल्याने नाव बुडत नाही. मला तीन महिन्यांत दुसरं मिळालं. त्यात तोच प्रश्न आला तेव्हा मी लिहिलं, ‘दार आपटलं किंवा भांडं पडलं तर पूर्वीपेक्षा जास्त दचकता का?’ कागद घेऊन पुन्हा कळव्याला गेले, त्याच काकूंकडे. त्यांनी वाचलं, पेन मागितलं आणि ‘हो’वर खूण केली. मग म्हणाल्या, रात्री कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही, म्हणून डाळ दुपारीच लावते.