बाणासाठी काठी कुठली घ्यायची? मुंबईतल्या मुंबईत

आधी एक सांगून टाकतो, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून काडीसुद्धा आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे आणि तशी गरजही नाही. मांडवाला बांबू पुरवणाऱ्या वखारीत जा नि शेंड्याकडचे बारीक तुकडे मागा, बहुतेक वेळा तेच फेकलेले असतात.

करंगळीपेक्षा बारीक, साधारण ८-९ मिमी जाडीचा, पेरं लांब आणि गाठी कमी असलेला तुकडा निवडा. हिरवागार कोवळा नको, दोन-तीन वर्षांचा पिवळट, नखाने न दबणारा हवा. कोकणातला माणगा बांबू मिळाला तर सोनं, तो भरीव असतो त्यामुळे जाड बांबू चिरून त्याची पट्टी तासूनही गोल काठी निघते (वेळ मात्र जातो). गावी कुंपणाला निरगुडी असेल तर तिचे सरळ फोकही चालतात, जाड टोक पुढे ठेवायचं.

सुताराकडून सागाचा गोल दांडा करून घ्यायचा विचार असेल तर लाकडातल्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्यात का ते बघा, तिरप्या असतील तर तो दांडा घेऊच नका, असा बाण सुटताना मोडतो आणि त्याची ढलपी हातात घुसते.

बांबू सावलीत आडवा बांधून वाळवा, पावसाळ्यात मुंबईत काहीच वाळत नाही म्हणून हे काम दिवाळीनंतरचं. वाकडा भाग गॅसवर हलका शेकून सरळ करा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा, लगेच सोडला की परत वाकतो. दोरीची खाच गाठीच्या किंचित वर कापा, म्हणजे चीर गाठीपाशी अडते.

आता महत्त्वाचं, कडकपणा, ज्याला स्पाइन म्हणतात. काठी २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवा, मधोमध २ पौंड वजन टांगा, आणि किती इंच वाकली ते मोजून २६ ला त्या आकड्याने भागा. अर्धा इंच वाकली तर ५२ पौंड, म्हणजे साधारण तेवढ्या ताकदीच्या धनुष्याला ती काठी बरी. सगळ्या काठ्या एकाच आकड्याच्या जवळपास हव्यात, नाहीतर उजव्या हाताने मारणाऱ्याचा कडक बाण डावीकडे आणि लवचिक उजवीकडे जातो, आणि दोष मात्र नेमाला.

प्रत्येक वेळी मारण्याआधी काठी कानाजवळ धरून हलकी वाकवा, कट् आवाज आला की तोडून टाका.